एकाच खणात

बाबांच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी अमडापूरहून बुलढाण्याच्या ग्रंथालयात गेलो. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील...

मी नागपूरला एम.ए. करत होतो. प्रबंधाचा विषय, आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले जुने आठवडी बाजार. सोमवारी सरांना संदर्भांची यादी दिली नाही तर विषय बदलणार, म्हणजे वर्ष गेलं. आईला आणखी एक वर्ष थांब म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

तेव्हा पुस्तक शोधायचं म्हणजे लाकडी खणांतली कार्डं चाळायची. 'बुलढाणा' पाहिलं, 'बाजार' पाहिलं, मग 'महाराष्ट्र'... सगळी नवी पुस्तकं. जुना एकही सरकारी अहवाल नाही. शनिवार होता, दुपारी ग्रंथालय बंद होणार होतं. मी तीच कार्डं पुन्हा पुन्हा चाळायला लागलो.

"काऊन भाऊ, दोन तासांपासून त्याच खणात हात घालून राह्यले?" ग्रंथपालांनी विचारलं.

विषय दाखवायला मी वही उघडली. तिच्यातून बाबांचं शेवटचं पोस्टकार्ड खाली पडलं. ग्रंथपालांनी ते उचललं आणि पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून हसले. मुक्काम पोस्ट अमडापूर, मध्यप्रांत व वऱ्हाड.

बाबा शेवटपर्यंत आमच्या प्रांताचं ते इंग्रजांच्या काळातलं नावच लिहायचे. मी एकदा टोकलंही होतं. ते म्हणाले, "चिठ्ठी पोचते ना तुले?"

"हे कोनं लिवलं?" ग्रंथपालांनी विचारलं.

"बाबांनी."

"अन् तू महाराष्ट्रात शोधून राह्यला! ते अहवाल छापले तवा कुठं होता बे महाराष्ट्र? बाबालेच विचारून यायचं ना आधी!"

मी घाम पुसायला टोपी काढली... माझं मुंडण पाहून त्यांनी पोस्टकार्ड दोन्ही हातांनी माझ्या वहीत परत ठेवलं.

मग त्यांनी तोच खण पुन्हा ओढला. 'महाराष्ट्र'च्या थोडं अलीकडे 'मध्यप्रांत व वऱ्हाड'. बाजारांवरची कार्डं तिथेच होती. बंद व्हायची वेळ टळून गेली तरी ते माझ्यासोबत बसून यादी उतरवत होते.

आता नात लॅपटॉपवर शोधते. काही सापडेना की मी एवढंच म्हणतो, त्या काळी याला काय म्हणत होते ते टाकून बघ.

पोस्टकार्ड अजून जपून ठेवलंय...

चिठ्ठी पोचली, बाबा.