बशीत राहिलेली स्प्रिंग

बंदुका दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा एकच नियम होता: रॉकेलची बशी रिकामी झाल्याशिवाय बंदूक दुकानाबाहेर जायची नाही. सुटे भाग त्या बशीत भिजायचे. चाळीस वर्षं त्यानं हा नियम पाळला, आणि मोडला तो नेमका सख्ख्या भाच्याच्या बंदुकीच्या वेळी!

जेवून आला, हात पुसले, तर बशीच्या तळाशी इवलीशी स्प्रिंग. म्हाताऱ्याच्या पायाखालची जमीनच सरकली.

भाचा बँकेच्या दारावर पहारेकरी. त्याची बंदूक नळीखालची मूठ, म्हणजे पंप, मागे-पुढे ओढून भरायची; जुनी, कुरकुरणारी. आत तेल चिकटून बसलं होतं म्हणून सकाळीच त्यानं मामाकडून साफ करून नेली. काडतुसाला टोचणारी पिन मागे खेचते ती हीच स्प्रिंग. ती नसली आणि पिन पुढेच अडकली, की पंप पुढे ढकलताच बार उडणार, घोड्याला बोटही न लावता! आणि तीन वाजता पैशांची गाडी येते तेव्हा पहारेकऱ्यानं बंदूक भरायची असते. घड्याळात पावणेतीन झालेले. भाच्याला फोन लावला तर बंद.

"अगं, दुकान बघ!" बायकोला ओरडून म्हातारा स्प्रिंग घेऊन अनवाणीच पळत सुटला. 'देवा, आज गाडी उशिरा येऊ दे रे! बहिणीचा एकुलता एक आहे.' छातीचा नुसता भाता झाला होता.

पोचला तर गाडी दारात वळत होती.

"थांब! भरू नकोस!"

"अहो मामा, हळू!" भाच्यानं त्याला दाराआड ओढलं. स्प्रिंग बघून त्याचा चेहरा उतरला. "कशी भरणार? काडतुसं ओल लागून फुगलीत, नळीत जातच नाहीत. चार वर्षं नवी मागतोय. साहेब म्हणतात, बघू."

"म्हणजे तू रोज..."

"रिकामीच घेऊन उभा असतो. आईला सांगू नका."

"मेल्या, मला तरी सांगायचंस!"

बाहेर गाडीचं दार उघडलं. भाचा बंदूक उचलून गाडीपाशी जाऊन उभा राहिला, ताठ. म्हातारा स्प्रिंग मुठीत आवळून भिंतीला टेकला. मघाशी उशिरा येऊ दे म्हणून विनवलेली ती गाडी आता एकदाची जाऊ दे, एवढंच तो पुटपुटत होता.