रणगाड्याचा नळ

देशाच्या संरक्षणखर्चातून स्वतःच्या स्वयंपाकघरासाठी काही पदरात पाडून घेतलेली एकच व्यक्ती माझ्या पाहण्यात आहे, आणि त्या म्हणजे माझ्या मावससासूबाई. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात त्यांचं घर; पारा म्हणजे तिकडे मोहल्ला. सैन्यावर त्यांचं मनापासून प्रेम. सव्वीस जानेवारीचं संचलन टीव्हीवर लागलं की मावशी पदर खोचून उभ्या राहतात, शेवटचा घोडा दिसेनासा होईपर्यंत बसत नाहीत आणि जावयालाही बसू देत नाहीत. पण बातम्यांत नवं लढाऊ विमान आलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "चांगलं आहे, जवाईबापू. पण आमच्या नळाले पाणी काहून नाही येऊन राहिलं?" या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, हे मी एकदा त्यांना समजावायला गेलो. तासाभराने तो संबंध मलाच दिसू लागला.

गल्लीतली पाइपलाइन फार जुनी. नवी टाका म्हटलं की वॉर्डाचे इंजिनिअर दर उन्हाळ्यात हात जोडत, "बजट नहीं है, अम्मा." अशात पाऱ्याच्या तोंडाशी, चौकात, सैन्यातून निवृत्त झालेला एक रणगाडा मांडायचं ठरलं. चौथरा झाला, दिवे लागले, कठडा आला, भोवती हिरवळ लावली. हिरवळीला पाणी हवं, म्हणून आठवड्याभरात नवा पाइपही आला आणि तोफेच्या बरोबर खाली नळ बसला. दुसऱ्या दिवशी उजाडताच मावशी हंडा घेऊन कठड्याच्या आत.

इंजिनिअर धावत आले. "अम्मा, ये टैंक का पानी है."

"टैंक का ही तो चाहिए, बेटा," मावशी शांतपणे म्हणाल्या. "तेरा टैंक जितना पीता है, उसको पिला. बाकी हम ले जाते."

नळाला कुलूप लागलं. मग उन्हाने हिरवळ पिवळी पडली, आणि नेमका कोणी मोठा पाहुणा तिथे हार घालायला येणार होता. माळी ठेवायलाही बजट नव्हतं. शेवटी इंजिनिअर स्वतः किल्ली घेऊन मावशींच्या दारात आले. ठरलं असं, की पाऱ्यातल्या बायकांनी आधी हिरवळ भिजवायची आणि मग आपले हंडे भरायचे. तेव्हापासून कुठे निघालात विचारलं, की मावशी म्हणत, "देशाची रक्षा करून राहिलो." पुढे हिरवळीच्या कडेला कोथिंबीरही उगवली. ती कोणी लावली, हे मी विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मीही त्यांच्यासोबत होतो. जवळच्याच अभनपूरकडचा एक तरुण जवान, सुट्टीवर आलेला, रणगाड्याच्या पोलादावर हात टेकून बराच वेळ उभा होता.

"क्या देख रहा, बाबू?" मावशींनी विचारलं.

"हम तो ऐसे ही टैंक में रहते हैं, मौसी. उधर बॉर्डर पर सब रेत है. पानी नाप के मिलता है."

"और नहाता कब है?"

तो नुसता हसला.

मावशींनी भरत आलेला हंडा बाजूला सरकवला आणि नळ पूर्ण सोडला. "हाथ-मुँह धो ले. आराम से."

मागे रिकाम्या हंड्यांची रांग होती. तो मान खाली घालून पाणी तोंडावर घेत राहिला, आणि रांगेतल्या बायकांनी कडेवरचे हंडे खाली टेकवले.