सर्वांत कमी दराचा पॉवर सप्लाय

बंगळुरूला नोकरीला लागल्यापासून माझा मुलगा फोनवर तीनच शब्द बोलतो. हो. जेवलो. ठेवू? तेही मी फोन केला तर. दिवाळीत घरी आला तेव्हा मात्र कानाला हेडफोन लावून लॅपटॉपवर मित्रांबरोबर गेम खेळताना मी त्याला दोन तास बोलताना ऐकलं. ओरडत होता, हसत होता, "अरे मागं बघ, मागं!" म्हणून कुणाला तरी वाचवत होता. त्याचा चहा घेऊन मी दाराबाहेर उभी राहिले आणि चहा पार निवला. हा बोलका मुलगा माझ्या वाट्याला का येत नाही, ते मला कळेना. शेवटी विचारलंच, "काय असतं रे त्यात?"

"आई, तुला नाय कळायचं."

मला नाय कळायचं! फुलंब्रीच्या सरकारी कचेरीत एसटीनं जाऊन-येऊन माझी सगळी नोकरी झाली. तिथं काय सोपं होतं? निवृत्तीच्या पैशांतले साठ हजार बाजूला काढले आणि ठरवलं, गेम खेळायचा कॉम्प्युटर घ्यायचा. तो जिथं बोलतो तिथंच जाऊन बसायचं.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाले, "मिक्सरचं भांडं दोन वर्षं गळतंय, ते नाय बदलायचं. अन् हे लई गरजेचं, व्हय गं?"

"मिक्सर निदान आवाज तरी करतो," मी म्हटलं.

कचेरीची सवय जाता जात नाही. साधं स्टेपलर घ्यायचं तरी तीन दरपत्रकं मागवायची, शेजारी शेजारी दर मांडून तक्ता करायचा आणि सर्वांत कमी दरावर खूण करायची. मी वही घेतली आणि निराला बाजार ते पैठण गेट तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दोघांनी "नातवासाठी का?" एवढं विचारून कागदावर आकडा लिहून दिला. तिसऱ्या दुकानातला दाढी पिकलेला माणूस म्हणाला, "किसके वास्ते, मॅडम?"

"माझ्यासाठी."

त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि स्टूल पुढं सरकवलं. "बैठो. आता नीट सांगतो."

एकेक सुटा भाग तो काउंटरवर ठेवत गेला आणि मी विचारत गेले, हे काय करतं? मी कुठं नोकरी केली ते ऐकून त्यानं सगळं माझ्या भाषेत आणलं. रॅम म्हणजे टेबल. जितकं मोठं, तितक्या फायली एका वेळी उघड्या राहतात. एसएसडी म्हणजे मागचं कपाट. प्रोसेसर म्हणजे हेडक्लार्क.

"आणि साहेब?"

"साब तो आप हो, मॅडम!"

ग्राफिक्स कार्डाशी मात्र मी अडले. दोन पंख्यांची ती वीट, आणि जवळजवळ निम्मे पैसे तीच खाणार. चित्र दाखवायला एवढे? तो म्हणाला, सेकंदाला साठ चित्रं काढते. साठ! मला दारातली एक रांगोळी काढायला अर्धा तास लागतो. मी ते कार्ड उलटसुलट करून बघितलं. इतक्या वर्षांत मला इतकं नवल कशाचं वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मुलाला फोन केला आणि थाप मारली. "आमच्या जुन्या ऑफिसातल्या एका बाईंना गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचाय. काय काय बघावं?" तीन शब्दांचा माणूस वीस मिनिटं बोलला. कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांवर पैसे घालू नका म्हणावं. रॅमच्या दोन पट्ट्या घ्या, एक नको. आणि पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन सगळ्या भागांना वाटणारा डबा, तो चांगल्यातलाच घ्या, तिथं कंजुषी नको. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. खरं सांगते, लिहिण्यापेक्षा त्याचा आवाजच जास्त ऐकत होते.

एकेक भाग ठरत गेला. हत्ती गेला, शेपूट राहिलं, ते म्हणजे तो पॉवर सप्लायचा डबा. तिन्ही दुकानांत साडेचारशे वॉटचाच, पण पहिल्या दुकानात निम्म्याहून कमी दरात. दाढीवाला म्हणाला, "मॅडम, वो मत लो." मुलाचं वाक्यही वहीत समोरच होतं. पण माल तोच आणि दर कमी, तर जास्त दरावर सही करायला माझा हात जन्मात उठला नाही. मी खूण केली.

कॉम्प्युटर जुळून घरी आल्यावर मुलाला खरं सांगितलं. तो म्हणाला, "आई, खरंच? रविवारी चार वाजता गेममध्ये ये मग."

रविवारी चारला मी हेडफोन लावून बसले. तिथंही त्याचं आपलं मोजकंच. "आई, डावीकडं. आई, थांब." मी धडपडत त्याच्या मागून चालले होते. माझा हिरमोड होत होता. एवढा खटाटोप करून मिळालं काय, तर तिनाचे चार शब्द. तेवढ्यात समोरून आठ-दहा जण चालून आले, पंखे घोंगावले आणि सगळं फट्कन बंद पडलं. पडदा काळा. हेडफोनात चिडीचूप.

मोबाइल वाजला. त्याचा होता. घर सोडल्यापासून त्यानं आपणहून केलेला तो पहिला फोन.

"आई! काय झालं? तू ठीक आहेस ना?"

"मी ठीक आहे रे. हे बंद पडलं."

त्यानं विचारलं, "पॉवर सप्लाय कुठला घेतलास?"

"सर्वांत कमी दराचा."

तो हसला. दिवाळीत दाराआडून ऐकलं होतं तसंच हसला, थांबेचना. "मी त्या ऑफिसातल्या बाईंना सांगितलं होतं ना!" मग डबा भार पडल्यावर मान का टाकतो ते समजावत बसला. तिथून बोलणं त्याच्या खोलीवर गेलं, मेसच्या जेवणातल्या गोड सांबारावर गेलं, आणि मग हळूच म्हणाला, "आई, मला इथं करमत नाय गं." मी काही शहाणपण शिकवलं नाही. नुसतं ऐकलं. पाऊण तास झाला होता.

ठेवताना म्हणाला, "चांगला पॉवर सप्लाय आणून ठेव. पुढच्या महिन्यात मी येतो, मीच बसवतो."

दुसऱ्याच दिवशी दाढीवाल्याकडून सर्वांत जास्त दराचा घेतला. तो म्हणाला, "दस मिनिट का काम है मॅडम, कॉम्प्युटर लेके आओ, लगा देता."

मी म्हटलं, "नको. बसवणारा येणार आहे."