सोपटात बांधलेलं पुस्तक

ग्रंथाला कुठल्याही सीमा अडवू शकत नाहीत. हे वाक्य माझं नाही. माझा मित्र मनोहर चौधरी याच्या शोकसभेत अध्यक्षांनी ते दोनदा उच्चारलं, दुसऱ्या वेळी डोळे मिटून. अध्यक्षांनी आयुष्यात परदेशी एकही पार्सल पाठवलेलं नसणार, हे मला मागच्या रांगेतूनही कळलं. मनोहरकडून त्यांनी एखादं पुस्तक विकत घेतल्याचंही मला आठवत नाही.

तो गेल्याची बातमी मला भाजीच्या गाडीवर कळली. भाजीवाला मेथी निवडता निवडता म्हणाला, "वो किताबवाले भाऊ गए." गावातल्या राजपुऱ्यात मनोहरचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, जे रद्दीत मिळेल ते तो धुऊन-पुसून मांडायचा. गावातली गिऱ्हाइकं आटली तेव्हा पुतण्याने पुस्तकांची यादी इंटरनेटवर टाकून दिली, आणि गंमत म्हणजे मागण्या यायला लागल्या त्या थेट परदेशातून. वहिनी त्याला म्हणायच्या, "तुमच्या पुस्तकांला परदेश दिसते. मला खंडवासुद्धा दिसत नाही."

परदेश पुस्तकांनाही सहज दिसत नव्हता. बोटीने स्वस्तात जाणारं टपाल बंद झालं आणि विमानाचंच उरलं, तेव्हा वरातीचा खर्च नवरदेवापेक्षा जास्त झाला. मोठ्या विक्रेत्यांच्या दारात गाड्या येतात. मनोहर पिशवी घेऊन रांगेत उभा राहायचा. इथल्या यंत्रमागावरच्या कोऱ्या कापडात तो पार्सल दाभणाने इतकं सुबक शिवायचा की काउंटरवरच्या माणसालाही वाईट वाटायचं. तरी तो म्हणायचाच, "भाऊ, खोलके दिखाओ." मग टाके उसवायचे, पुस्तक दाखवायचं, आणि तिथेच बाकावर बसून पुन्हा शिवायचं. एवढं करून तिकडच्या देशाने मधेच कराचा नियम बदलला की पार्सल महिन्यांनी परत, आणि गिऱ्हाईक विचारणार, पाठवलं होतं तरी का...

तरी तो पाठवत राहिला. मी एकदा म्हटलं, "मनोहर, हा धंदा नाही, हे व्रत आहे." तो म्हणाला, "व्रताला उद्यापन असते रे. याला तेपण नाही."

मग न्यूझीलंडहून एका बाईंचा फोन आला. मूळच्या आमच्या शेजारच्या शाहपूरच्या. वडील तिथे मास्तर होते. त्यांनी तापीकाठच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करून स्वतःच्या खर्चाने एक बारीकसं पुस्तक छापलं होतं. बाईंकडे त्याची एकही प्रत नव्हती. "भाऊ, मरायच्या आधी एकदा हातात धरायचं आहे," असं म्हणाल्या. मनोहरने त्या पुस्तकासाठी शाहपूर पालथं घातलं. शेवटी नदीपलीकडे जैनाबादला एका घराच्या माळ्यावर, लग्नाच्या पत्रिकांच्या गठ्ठ्यात ते सापडलं. रात्री बसून त्याने ते एकदा वाचून काढलं आणि सकाळी बांधायला घेतलं. पानांचे फोटो काढून ठेव, असं मी म्हटलं. "पुस्तक पोचलं की फोटो कशाला?" हे त्याचं उत्तर. चांगल्या मालाची काळजी बांधणीत असते, यावर त्याचा विश्वास होता.

आणि बांधणी त्याने खरोखर जिवापाड केली. केळीच्या खोडाचे वाळलेले पापुद्रे, ज्यांना आम्ही सोपट म्हणतो, त्यांच्या पट्ट्या त्याने पुस्तकाभोवती थरावर थर गुंडाळल्या. आमच्याकडे हार ओवणाऱ्या माळ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळे सोपटानेच बांधतात. "प्लास्टिकला घाम फुटतो," तो म्हणाला. "सोपट पाणी आत येऊ देत नाही. माझे आजोबा पोथ्या यातच ठेवत." वर कापड, टाके, लाखेचे ठिपके. केळीच्या गावातून गेलेलं ते सर्वांत देखणं पार्सल असेल.

न्यूझीलंडमध्ये झाडपाल्याचा तुकडाही आत येऊ देत नाहीत, हे इथे कोणाला माहीत असणार? तिकडे तपासणीत पट्ट्यांमध्ये कीड निघाली. ती पुस्तकाच्या पुठ्ठ्यातही शिरली होती. बाईंना कळवण्यात आलं की घातक वनस्पतिजन्य पदार्थ नष्ट केला आहे. पुस्तकाचा वेगळा उल्लेख नव्हता.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मनोहरला बरं वाटलं असतं. त्यांनी फोनवर लहानपणी ऐकलेल्या चार ओव्या म्हणून दाखवल्या, त्याची समजूत काढायला. मी तेव्हा दुकानात होतो. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "शेवटच्या ओवीत अजून दोन ओळी होत्या. मी वाचल्या होत्या." कोणत्या, ते त्याला आठवेना. पुढे कधीच आठवलं नाही. गप्पा मारता मारता तो मधेच थांबायचा, ओठ हलायचे... आणि मग म्हणायचा, "नाही. ते दुसरंच." परदेशी पार्सलं त्याने बंद केली. दुसऱ्या प्रतीसाठी मात्र शाहपूरच्या बसमध्ये बसत राहिला, अगदी शेवटच्या आजारापर्यंत. प्रत मिळाली नाही. त्या ओव्या म्हणणाऱ्या बायका तर केव्हाच गेल्या होत्या. दवाखान्यात मी भेटलो तेव्हाही त्याचे ओठ हलत होते. नर्सला वाटलं, जप चालला आहे.

शोकसभेत त्याला 'ग्रंथदूत' म्हणण्यात आलं. त्याच्या दुकानाचं वाचनालय करावं, असा ठराव झाला. दुकान भाड्याचं आहे आणि मालकाने मोबाईलवाल्याला शब्द दिला आहे, हे कोणी विचारात घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वहिनींबरोबर दुकान आवरायला गेलो. दाभण खिळ्याला तसंच होतं. त्याच्या शेजारी सोपटाची मोठी जुडी टांगलेली असायची, ती दिसली नाही. त्या पार्सलनंतर त्याने तिला हात लावला नव्हता, पण फेकूही दिली नव्हती.

मी विचारलं. वहिनी कपाट पुसता पुसता म्हणाल्या, "परवाच माळ्याला देऊन टाकली. वाया कशाला घालवायची?"

सभेत फोटोला घातलेला झेंडूचा हार त्याच सोपटात ओवलेला होता. तो कोणी अडवला नाही.