मायाची फ्रीशिप

माझी बहीण माया नाकासमोर चालणारी आहे असं लोक म्हणतात. डोंबलाचं नाकासमोर! ती हट्टी आहे, आणि तिच्या हट्टापायी आम्ही किती बोलणी खाल्ली ते मला विचारा. मी सीमा, तिच्याहून तीन वर्षांनी लहान. मी रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला होते, आणि आम्ही दोघी आईबरोबर कारेगावात दोन खोल्यांत राहायचो. माया रोज वडापच्या जीपनं शिरूरला जायची, एका कॉलेजच्या ऑफिसात. सहा वर्षं तात्पुरती क्लार्क. कायम व्हायचं तर पुण्याहून शिक्षण खात्याचा मान्यतेचा कागद यावा लागतो. त्या कागदापायी तिनं सणवार बघितला नाही की आजारपण बघितलं नाही.

२००६ साली आमच्या कंपनीनं जुने कॉम्प्युटर भंगारात काढले. त्यातला एक, आणि एक कर्कश प्रिंटर, मी घरी आणला. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, आणा इकडं, सगळं सॉफ्टवेअर भरून देतो. सगळ्यांना तेच देतो." त्याच्या सीड्या चोरीच्या, हे अख्ख्या गावाला माहीत होतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मायाला वाटलं! म्हणाली, "चोरीचं माझ्या घरात नको. शंभर जण वापरतील, पण धरायची येळ आली की बोट आपल्या गल्लीकडंच व्हईल." खरंच होतं ते.

विकतचं परवडत नव्हतं. मग ती कॉलेजच्या लायब्ररीतून एका मासिकाबरोबर आलेली सीडी घेऊन आली. लिनक्स म्हणे, फुकट आणि रीतसर, आणि त्यात लिहायला ओपनऑफिस. तीन रविवार ती त्या डब्यापुढं बसली. मराठी अक्षरं तुटायची, वेलांटी भलतीकडं जायची, प्रिंटर नुसता घरघरायचा. मी म्हटलं, "बाई, आग लाव त्याला." चौथ्या रविवारी तिनं आईचं नाव छापून काढलं, ताईबाई, ठसठशीत. आईला वाचता येत नव्हतं, तरी ती कागद हातात घेऊन बसली.

आता हौशीरामांबद्दल सांगते. कॉलेजचे हेडक्लार्क. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, मायाही म्हणायची, मी मात्र घरी जे म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही. मायानं घरून टाईप केलेलं एक पत्र नेलं, तर त्यांनी विचारलं, "कशात केलंस?"

"फ्री सॉफ्टवेअर हाय, भाऊसाहेब."

झालं! माणूस खुर्चीत मागं रेलून हसला. "फ्री? मंग यालाबी जातीचा दाखला जोडला का? कॉलेज सुटलं तरी तुमची फ्रीशिप काय सुटंना!"

सगळं ऑफिस हसलं. माया शिकली ती फ्रीशिपवर, सरकारच्या फीमाफीवर, हे खरं. त्या फॉर्मसाठी ती तेव्हा याच खिडकीपुढं तासन् तास उभी राहिलेली, आणि आत हेच महाशय चहा पीत बसलेले. त्या दिवसापासून आमच्या कॉम्प्युटरचं नावच फ्रीशिप पडलं. "माया, तेवढं तुझ्या फ्रीशिपवर करून आण." काम करून घ्यायला लाज नाही, आणि वर टोमणे!

याहून कहर पुढं आहे. महिन्याभरानं ते हळूच तिच्या टेबलापाशी आले. "आमच्या नवनाथाला मिळंल का गं तसलं? का फकस्त तुमच्यातच देत्यात?" नवनाथ त्यांचा बेकार भाचा. म्हणजे त्या माणसाला खरोखरच वाटत होतं, की सरकार आमच्या जातीला सॉफ्टवेअर वाटतंय! मायानं शांतपणे सांगितलं, हे जगात कुणालाही मिळतं, वापरा, दुसऱ्याला द्या, जमलं तर आतून बदला. भाऊसाहेबांचं तोंड पडलं. "कुणालाबी मिळतंय? मंग त्यात काय दम असणार!"

पुढच्या वर्षी मान्यतेचा प्रस्ताव निघाला. प्राचार्यांनी कच्च्या यादीवर सही केली, त्यात क्लार्कच्या जागेवर मायाचं नाव होतं. सगळे तक्ते तिनंच टाईप केले, ऑफिसात ठेवले आणि एक प्रत घरी. सोमवारी सकाळी पुण्यात द्यायचे होते. शनिवारी नवनाथ गाण्यांचा पेनड्राईव्ह घेऊन ऑफिसात आला, मामाच्या कॉम्प्युटरला लावला, आणि व्हायरसनं सगळं साफ केलं.

रविवारी दुपारी भाऊसाहेब आमच्या दारात. आईनं चहा ठेवला तर म्हणाले, "नको, ॲसिडिटी हाय." आमच्या घरी आल्यावर बऱ्याच जणांना ॲसिडिटी होते. मायानं तक्ते उघडले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हितं तुझं नाव काढ आन् नवनाथाचं टाक. तुझं बघू पुढच्या खेपेला."

मी मोरीपाशी भांडी घासत होते. पातेलं टाकून मी उंबऱ्यात आले.

माया म्हणाली, "प्राचार्यांची सही ज्याच्यावर हाय तेच छापणार."

"मी काय सांगतो ते ऐकू येतंय न्हवं? उद्या हजेरीपटावर तुझं नाव ऱ्हाईल का, ते माझ्या हातात हाय."

"तर मंग तुम्हीच बदला," म्हणून ती उठली. भाऊसाहेब खुर्चीत बसले. त्यांनी इकडं दाबलं, तिकडं दाबलं. ऑफिसातलं ओळखीचं काहीच त्यांना तिथं सापडेना. "कसलं भिकारडं घेऊन बसलीस!" ते ओरडले.

मी मायाला आत ओढलं. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? म्हटलं, "टाक की त्याचं नाव. रोजंदारी तरी टिकंल." तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. बाहेर जाऊन तिनं छपाई सुरू केली. सव्वीस पानं, प्रिंटर किंचाळत होता, आणि भाऊसाहेब उभ्या उभ्या शिव्या देत होते. दुसरीकडं सगळं नव्यानं टाईप करायला वेळ नव्हता. कागद उचलून ते तणतणत गेले.

पुढचं मला कॉलेजच्या शिपायानं, भिमाजीमामांनी सांगितलं. फाईल घेऊन तेच बरोबर होते. छापील कागदांवर प्राचार्यांची सही घेऊन झाल्यावर एसटीत भाऊसाहेबांनी पेन काढलं, मायाच्या नावावर रेघ मारली आणि वर नवनाथ लिहिलं. पुण्याच्या टेबलावरच्या बाईंनी ते पान बाजूला काढलं. "ही खाडाखोड कुणाची? प्राचार्यांची सही कुठंय हिच्यावर?" भाऊसाहेब सही घ्यायला परत आले, तर प्राचार्य म्हणाले, मला यात गुंतवू नका. सहीशिवाय खाडाखोड चालत नाही, टाईप केलेलं तेच धरतात. एवढी वर्षं हेडक्लार्क असलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल होय? पण पुण्यात कुणी बारकाईनं बघणार नाही आणि माया गप बसेल, हेच त्यांनी धरलेलं.

पाच महिन्यांनी मान्यता आली. त्या पाच महिन्यांत ऑफिसात कुणी तिच्याशी धड बोललं नाही.

कागद आला त्या दिवशी माया संध्याकाळी घरी आली, चप्पल काढली आणि कागद माझ्या हातात दिला. मी वाचला, मोठ्यानं, आईला ऐकू जाईल असा. आई रडायला लागली. मी पेढे आणायला पिशवी शोधू लागले, हसत होते, भाऊसाहेबांचा उद्धार करत होते. माया पाणी प्यायली, तांब्या खाली ठेवला.

"भाऊसाहेबांचं मला काय वाटलं न्हाई," ती म्हणाली. "त्या दिवशी तू तरी 'टाक त्याचं नाव' म्हणायला नको व्हतंस, सीमे."