लेबलाखालची तारीख

झिपची प्लॅस्टिकची पाकिटं मी टाकत नाही. धुते, बाटलीवर उलटी घालून वाळवते आणि मग त्यात खोबऱ्याचा कीस, कोथिंबीर, औषधाच्या गोळ्या, काहीही भरते. सून हसते. म्हणते, "आई, अमेरिकेत येऊन बारा वर्षं झाली, तरी तुमच्या पिशव्या वाळतातच आहेत." वाळू देत की. धडधाकट वस्तू एकदा वापरून फेकायला माझा हात धजत नाही.

तर त्या चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी कडवट झाली. मुलानं दोन घास खाल्ले आणि ताटली सरकवली. मी म्हटलं, दाणे खवट आहेत. सून अगदी हळू म्हणाली, "आई, वयानं चव बदलते कधीकधी." म्हणजे दाणे बरे आणि माझी जीभ गेलेली. खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं, गेली असेल.

संध्याकाळी दाण्याचं रिकामं पाकीट गरम पाण्यात बुडवलं आणि त्यावरचं पांढरं लेबल सुटून तरंगायला लागलं. लेबलावर पुढच्या वर्षाची तारीख होती. त्याच्या खाली पाकिटावरच छापलेली दुसरी तारीख, ती मागच्या वर्षाची. मी चष्मा पुसून परत वाचलं. जीभ शाबूत होती माझी.

मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "आई, सोड ना यार. चार डॉलरची वस्तू. आणि तो आपलाच माणूस आहे."

आता हा आपलाच माणूस म्हणजे आमच्या श्रूजबरी गावातल्या घरापासून चालत जाता येईल असं एकमेव दुकान चालवणारा. मूळचा नागपूरचा, बोलायला गोड. मला गाडी चालवता येत नाही. डॉक्टर, देऊळ, वाचनालय, सगळीकडे कोणीतरी नेईल तेव्हा जायचं. फक्त हे दुकान माझं. खिडकीपाशी लाकडी बाक आहे, तिथे दर मंगळवारी आम्ही चार-पाच म्हातारी माणसं बसतो. तो कागदी पेल्यातून चहा देतो. आठवड्यातला तो एक तास मी कोणाची आई नसते, सासू नसते. तो तास घालवायचा का, हा प्रश्न होता. दाण्यांचं काय, फेकले असते.

पण मुलाला मी एक विचारलं. "परवा पाहुणे गेल्यावर हवेची गादी त्या मोठ्या दुकानात परत केलीस. आठ दिवस माणसं झोपली होती तिच्यावर. तेव्हा लाज नाही वाटली?"

"त्यांची पॉलिसी आहे तशी."

"मग परक्याला वापरलेली गादी परत करायची आणि आपल्याचे खवट दाणे गिळायचे, ही कोणाची पॉलिसी?"

तो फोन बघायला लागला.

मंगळवारी गेले. दुकानदारानं चहा पुढे केला. मी फडताळावरून पोह्याचं एक पाकीट काढलं, गरम पेला त्याच्या लेबलावर टेकवून धरला आणि नखानं कोपरा उचलला. निघालं अलगद. खाली जुनी तारीख. मग बेसन काढलं. तेच.

"मावशी," तो घाईनं जवळ आला, "तुम्ही घरच्या. दुसरं पाकीट घेऊन जा, पैसे नकोत."

"मला एक पाकीट नको. ही सगळी काढ इथून."

बाकावर बसलेले आमच्यातले एक काका म्हणाले, "वहिनी, कशाला? आपल्या माणसानं चार पैसे मिळवले तर बिघडलं कुठे?"

"मिळवू देत की काका. पण ताजं विकून."

दुकानदाराचा आवाज एकदम कोरडा झाला. "दुकान माझं आहे. पटत नसेल तर मोठ्या दुकानात जात जा."

त्याला ठाऊक होतं, मोठ्या दुकानात जायला मला मुलाची गाडी लागते. आजपर्यंत चुकून बोलला असेल असं मी स्वतःला समजावते, पण चुकून नव्हतं ते. मी पेला तिथेच ठेवला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सुनेला म्हटलं, मला गावाच्या आरोग्य खात्यात सोड. तिथे खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म दिला आणि सांगितलं, नाव न लिहिता तक्रार केली तरी चालते. सून पटकन म्हणाली, "आई, बिननावाचीच करा. उद्या तुम्हालाच त्याच्यासमोर जायचंय."

"म्हणूनच नाव लिही," मी म्हटलं. "नाहीतर तो बाकावरच्या प्रत्येकावर संशय घेईल."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. ठळक अक्षरात लिहिलं, हेही सांगायला हवं.

तपासणी झाली. काय दंड झाला, झाला की नाही, मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. पुढच्या मंगळवारी परत गेले. दारातून दिसलं, पोह्यांचं फडताळ अर्धं रिकामं आहे. आणि बाकावर तांदळाच्या गोण्या रचलेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काका भिंतीला टेकून उभे होते. बाकीची मंडळी आलीच नव्हती.

"काय हवंय, मॅडम?" दुकानदारानं विचारलं. 'मावशी' म्हणणं संपलं होतं.

"शेंगदाणे. आणि बसायचंय."

"जागा नाही."

मी गोण्यांकडे पाहिलं. वीस-वीस पौंडांच्या. त्या खाली ओढणं माझ्या कंबरेला झेपणारं नव्हतं. मग मी काउंटरला धरून त्यांच्यावरच चढले आणि बसले. उंच होतं, पाय लोंबकळत होते. एक बाई आपल्या मुलाचा हात धरून आत आली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिला म्हटलं, "या, सगळं ताजं आहे आता. तरी तारीख बघून घ्या."

दुकानदारानं दाण्यांचं पाकीट काउंटरवर ठेवलं, जरा आपटूनच.

काका भिंतीपाशी या पायावरून त्या पायावर भार टाकत होते. गुडघे दुखतात त्यांचे. शेवटी म्हणाले, "वहिनी, जरा सरका पलीकडे."