पाणी बंद करण्याआधी

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. काम एकच, बाथरूमचा गळका नळ. पाना, नवा वॉशर आणि जुनं फडकं काढून ठेवलं आणि आधी शेजाऱ्यांना सांगायला बाहेर पडले.

धायरीतल्या आमच्या इमारतीत एकाच्या नळासाठी चौघांचं पाणी बंद करावं लागतं. एकावर एक असलेल्या चार घरांना मिळून गच्चीवर एकच कॉक आहे. तेवढीच बिल्डरची बचत. बंद करण्याआधी प्रत्येक दारात जाऊन सांगायचं, हा नियम माझ्या खालच्या, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी घातला.

“बादली भरून घ्या,” एवढंच त्या दारात म्हणत. कशा आहात वगैरे काही नाही. हातात यजमानांचा पाना. ते खडकीच्या कारखान्यात फिटर होते. ते गेले आणि हत्यारांची पेटी काकूंकडे राहिली. सत्तरी ओलांडलेली बाई, पदर खोचून, स्टुलावर बसून नळ खोलते आहे, हे पाहिलं असतं तर तुम्हीही माझ्यासारखंच विचारलं असतं, प्लंबर बोलावू का म्हणून.

“का? मी कुठे गेलेय?” काकू मान वर न करता म्हणाल्या.

हे हौसेनं चाललेलं नव्हतं. मुलगा बेंगळुरूला. दर फोनला त्याचं एकच, एकटी कशी राहतेस, साधा नळ गळला तरी कोण आहे तिथे. काकूंना घर सोडायचं नव्हतं. म्हणून नळ गळूच द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. तोटीला थेंब लटकलेला दिसला तरी वॉशर बदलत.

मी त्यांच्याकडूनच शिकले. मीही एकटीच राहते, विमा कंपनीत नोकरी करते. प्लंबरची वाट बघत रजा घालवणं मला जमत नाही. शिकवताना कौतुक नसे. मी पाना जास्त आवळला की म्हणत, “एवढा जोर ऑफिसात लावा.” इतक्या वर्षांत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आल्या नाहीत. काम झालं की चहा मात्र त्यांच्याकडे. आम्ही फार बोलत नसू. बाथरूमचं दार उघडं ठेवून ऐकत बसायचो. ठिबकण्याचा आवाज आला नाही, की मगच काकू कप उचलत.

गेल्या दिवाळीनंतर चौथ्या मजल्यावर आयटीतली एक मुलगी भाड्याने आली. सामान आदल्या संध्याकाळी आलेलं, काकूंना पत्ता नव्हता. त्यांनी बाकी सगळ्यांना सांगितलं, कॉक बंद केला आणि नळ खोलला. वर मुलीच्या नळाला पाणी नाही. ती गच्चीवर गेली, कॉक बंद दिसला, तिने उघडला. कोणीही उघडला असता.

हाक ऐकून मी धावले तेव्हा काकू नखशिखांत भिजल्या होत्या आणि दोन्ही तळवे पाइपवर दाबून उभ्या होत्या. मी कॉक बंद करेपर्यंत टँकरने भरलेल्या टाकीतलं निम्मं पाणी जिन्यावरून वाहून गेलं होतं. ती मुलगी रडवेली होऊन माफी मागायला आली. काकू म्हणाल्या, “तुमची चूक नाही. तुम्हाला सांगायचं राहिलं.”

सोसायटीच्या ग्रुपवर ओल्या जिन्याचा फोटो पडला. घर मुलाच्या नावावर, म्हणून तोही त्या ग्रुपवर. शनिवारी तो आला. आवाज चढवला नाही. बॅगा भरल्या. काकूंनीही वाद घातला नाही, आणि तेच मला बघवेना. निघताना माझ्या हातात किल्ली देऊन म्हणाल्या, “मधूनमधून नळ सोडत जा. बंद राहिले की वॉशर सुकतात. आल्यावर मला गळती नको.” कधी येणार ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तर फेब्रुवारीतल्या त्या रविवारी माझा नळ झाला. संध्याकाळी काकूंना फोन केला. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, घर चौदाव्या मजल्यावर आहे.

“इथे नळ गळतच नाहीत,” त्या म्हणाल्या. “गळला तरी माणूस येतो. मी बाजूला उभं राहायचं.”

सोमवारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी त्यांचं घर उघडलं. खिडक्या उघडल्या, एकेक नळ सोडला. आधी तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ. बाथरूमचा नळ बंद केला तरी ठिबकत राहिला. दोनदा आवळून पाहिला. उशीर होईल असा ऑफिसला मेसेज टाकला, पलंगाखालून पेटी ओढून काढली आणि सांगत सांगत चौथ्या मजल्यावर पोचले.

“लीकेज कोणाकडे आहे?” मुलीने विचारलं.

“दुसऱ्या मजल्यावर. काकूंकडे.”

“अय्या, त्या परत येणारेत का?”

“नळ गळतोय,” मी म्हटलं आणि गच्चीवर गेले.